हिवाळ्यातल्या मोठ्या शिकारीसाठी रायफल कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फात मूस, एल्क किंवा रेनडिअर या थंड प्रदेशातल्या थोराड हरणांच्या मागे निघायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास तोच येतो: कॅलिबर, म्हणजे नळीचं आणि काडतुसाचं माप, कोणतं? माझ्या लेखी तो चौथा-पाचवा प्रश्न आहे. कडाक्याच्या थंडीत शिकार हातची जाते ती बहुतेकदा काडतूस लहान पडलं म्हणून नाही. घट्ट झालेलं तेल, वाफ धरलेली काच, चापापर्यंत न पोहोचणारं बोट अशा फुटकळ कारणांनी ती जाते. त्यामुळे कॅलिबरला खाली थोडं थांबावं लागेल.

दुकानात रायफल बघायला जाताना सोबत काय न्यावं?

शिकारीच्या दिवशी अंगात असणार तो जाड कोट आणि तेच हातमोजे. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. कोट घाला, डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर दस्ता तुमच्या मापाचा आहे. कडेला काळी चंद्रकोर दिसत असेल आणि मान पुढे ताणावी लागत असेल, तर दस्ता लांब पडतोय. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींत चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर ३४-३५ सेंटिमीटर असतं. शर्टावर ते बरोबर बसतं, पण कोट आणि आतला स्वेटर मिळून त्यात सहज दोन-तीन सेंटिमीटरची भर पडते. दस्त्याला मागे सुटे तुकडे लावून लांबी कमी-जास्त करता येत असेल तर हा प्रश्न तिथेच मिटतो.

मग मोजे. रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करा आणि मोजे घालूनच बोल्ट मागेपुढे करा, सेफ्टी काढा-लावा, मॅगझिन उघडा. मोज्यातलं बोट चापाच्या कडीत शिरताना चापाला घासत असेल तर ती रायफल हिवाळ्यासाठी नाही. नेम धरायच्या आधीच बार उडण्याचा तो सरळ धोका आहे. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सकडे १९४७ पासून जुन्या ली-एनफिल्ड रायफली होत्या. त्यांच्या जागी आलेल्या सी-१९ रायफलीत चापाची कडी आणि बोल्टची मूठ मुद्दाम मोठी ठेवली आहे, ती याच कारणासाठी. ती बोल्ट-अ‍ॅक्शनच आहे, म्हणजे प्रत्येक काडतूस हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायचं, हेही ध्यानात घ्या.

बोल्ट-अ‍ॅक्शनच का? सेमी-ऑटोमॅटिकने काय बिघडतं?

बिघडेलच असं नाही. पण सेमी-ऑटोमॅटिक रायफल पुढचं काडतूस घेते ती गॅसच्या किंवा धक्क्याच्या जोरावर. तेल घट्ट झालं किंवा फटीत बर्फ बसला की तो जोर अपुरा पडतो. बोल्टच्या मागे तुमचा हात असतो, अडकलं तर जरा जास्त जोर लावता येतो. बोल्टमध्येही माउझर ९८ च्या घराण्यातल्या रायफली मला जास्त विश्वासाच्या वाटतात. त्यांचा रुंद, लांब एक्स्ट्रॅक्टर काडतुसाची कड सुरुवातीपासून धरून ठेवतो, त्यामुळे झाडून झाल्यावर आत चिकटलेलं रिकामं काडतूसही ओढून बाहेर काढतो. ग्रीनलंडच्या ईशान्येला कुत्र्यांच्या गाड्यांवरून फिरणारी डेन्मार्कची सिरियस गस्त पांढऱ्या अस्वलांपासून बचावासाठी कित्येक दशकं पहिल्या महायुद्धातल्या बनावटीची एम-१९१७ एनफिल्ड वापरत आली. माउझरच्याच धर्तीचं हे हत्यार शंभर वर्षं जुनं आहे, दिसायला ओबडधोबड आहे, पण त्या थंडीत चालतं.

चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरायची लिव्हर-अ‍ॅक्शन दाट झाडीत, शंभर मीटरच्या आत उत्तम. फक्त लिव्हरच्या कडीत तुमचा मोजा मावतो का ते बघा.

थंडीत रायफलला तेल किती द्यावं?

जवळजवळ नाहीच. हे मी ठेच खाऊन शिकलो.

माझ्या पहिल्या हिवाळी शिकारीला मी निघण्याच्या आदल्या रात्री मोठ्या प्रेमाने रायफल साफ केली आणि बोल्टच्या आत भरपूर तेल सोडलं. घरात ते पातळच होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे, उणे वीसच्या आसपास, साठ-सत्तर मीटरवर एल्क आडवी उभी राहिली. श्वास सोडला, चाप दाबला आणि आवाज आला तो फक्त "टक". तोही मवाळ, दुसऱ्या खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवल्यासारखा. एल्कने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि घाई न करता झाडीत निघून गेली. मी नळी जमिनीकडेच धरून अर्धा मिनिट थांबलो आणि मग बोल्ट उघडला. काडतुसाच्या टोपीवर नखाने दाबल्याइतकाच ओरखडा होता. या टोपीवर आदळून बार उडवणाऱ्या फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवतालचं तेल मधासारखं झालं होतं आणि पिन त्यातून पोहत पुढे गेली होती.

तेव्हापासून नियम असा: हिवाळ्याआधी बोल्ट पूर्ण उघडायचा, फायरिंग पिन आणि स्प्रिंग सॉल्व्हंटने धुऊन कोरडी करायची. नवी रायफल असेल तर कारखान्यात लावलेलं ग्रीसही काढायचं, ते तर तेलाहून वाईट. त्यानंतर एक तर काहीच लावायचं नाही किंवा कोरडं ग्रॅफाइट लावायचं. फार झालं तर अतिथंडीसाठीच बनवलेल्या तेलाचा थेंब फडक्यावर घेऊन ते फडकं फिरवायचं. म्हणून रायफल घेतानाच विचारा की बोल्ट अवजारांशिवाय उघडतो का. काही रायफलींचा नुसत्या हाताने अर्ध्या मिनिटात उघडतो, काहींना पकड लागते. तंबूत, बधिर बोटांनी हा फरक फार मोठा असतो.

आणि "टक" ऐकू आलं की लगेच बोल्ट उघडायचा नाही. कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं.

लाकडी दस्ता की सिंथेटिक?

लाकडी दस्त्यावर माझा जीव आहे, तरी बर्फात सिंथेटिक नेतो. लाकूड ओल पितं, फुगतं आणि नळीला टेकतं. मग नेम कालच्या जागी राहत नाही. थर चिकटवून केलेला लॅमिनेट दस्ता मधला मार्ग आहे. तो जवळजवळ हलत नाही, फक्त जड असतो. दस्त्याऐवजी येणारा पूर्ण धातूचा सांगाडा, म्हणजे चेसिस, मात्र थंडीत टाळा, गाल टेकवल्यावर कारण कळेल.

स्टेनलेस घेतली म्हणजे गंजाची काळजी मिटली?

कमी झाली, मिटली नाही. स्टेनलेसही गंजतं, सावकाश गंजतं इतकंच. शिवाय चापाच्या आतल्या स्प्रिंगा आणि पिना बऱ्याचदा साध्या पोलादाच्याच असतात. पण वितळणाऱ्या बर्फात आठवडा काढायचा असेल तर जास्तीचे पैसे सत्कारणी लागतात. चकाकी खुपत असेल तर मॅट फिनिश घ्या.

आता तरी सांगा, कॅलिबर कोणतं?

सांगतो. मोठ्या शिकारीची बहुतेक गरज भागवणारी काडतुसं फार नाहीत आणि बरीचशी जुनी आहेत. ६.५×५५ स्वीडिश १८९४ चं, .३०-०६ स्प्रिंगफील्ड नावातच सांगतं तसं १९०६ चं, .२७० विंचेस्टर १९२५ चं, .३०८ विंचेस्टर १९५२ चं. त्या मानाने ६.५ क्रीडमूर, २००७ चं, कालचं पोर. मॅग्नम, म्हणजे जास्त पावडरीच्या जोरदार काडतुसांपैकी ७ मिमी रेमिंग्टन १९६२ चं आणि .३०० विंचेस्टर १९६३ चं.

साध्या हरणाएवढ्या जनावराला यातलं काहीही पुरतं. खरा प्रश्न एल्क, मूस आणि मोठ्या अस्वलाचा. १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी घेऊन .३०-०६ नळीच्या तोंडाशी साधारण ३,९०० ज्यूल देते. तीच गोळी .३०० विंचेस्टर मॅग्नममधून गेली तर ४,७०० च्या आसपास. कागदावर हा फरक भरघोस दिसतो. त्याची किंमत खांदा देतो: मॅग्नमचा धक्का .३०८ च्या जवळपास दीडपट. माणूस धक्क्याला घाबरू लागला की चाप दाबण्याच्या क्षणी नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि गोळी पोटात जाते. पोटात लागलेली मॅग्नमची गोळी फुप्फुसात लागलेल्या .३०८ ची बरोबरी कधीच करत नाही. जखमी जनावर मैलोन्‌मैल जातं, त्यात हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि पडणारा बर्फ माग पुसून टाकतो.

तरी जाड कोट धक्का शोषतो, मग हिवाळ्यात मॅग्नम का नको, असं काहीजण विचारतात. कोट शोषतो हे खरं. पण सराव तुम्ही बहुधा उन्हाळ्यात, पातळ शर्टात करणार, आणि डोळे मिटायची सवय तिथेच लागते.

स्वीडनमध्ये मूसच्या वर्गातल्या शिकारीसाठी किमान पात्रता ठरवलेली आहे. गोळी १० ग्रॅम किंवा जास्त वजनाची असेल तर १०० मीटरवर निदान २,००० ज्यूल हवेत. ९ ते १० ग्रॅमच्या मधली असेल तर २,७०० ज्यूल. जुनं ६.५×५५ त्याच्या १०.१ ग्रॅमच्या जड गोळीने यात आरामात बसतं, आणि तिकडे पिढ्यान्‌पिढ्या त्यानेच मूस पाडले गेले आहेत. हे आकडे हाताशी असले की वादाला जरा जमीन मिळते.

माझा कल विचाराल तर: पहिली आणि एकच रायफल घ्यायची असेल तर .३०८ किंवा .३०-०६. बारीक अंगकाठी असेल किंवा धक्का सोसत नसेल तर ६.५ पैकी एखादं, पण अंतर कमी ठेवून आणि चांगली गोळी घेऊन. मोठ्या अस्वलांच्या प्रदेशात जाणार असाल तर .३३८ विंचेस्टर मॅग्नम किंवा .३७५ एच अँड एच यांचा विचार रास्त आहे. ते पेलायला वर्षभराचा सराव हवा, हेही धरून चाला.

मग गोळीचा प्रकार किती महत्त्वाचा?

कॅलिबरहून जास्त. १९४६ मध्ये जॉन नोस्लर नावाचा शिकारी ब्रिटिश कोलंबियात मूसवर गोळ्या झाडत होता आणि मूस पडत नव्हता. रायफल दमदार होती. गोळ्या चिखलाने माखलेल्या जाड कातड्यावर आणि स्नायूत फुटून जात होत्या, आत खोल पोचतच नव्हत्या. घरी परतून त्याने मध्ये तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग उमलतो, मागचा अखंड राहून आत घुसतो. १९४८ पासून ती पार्टिशन या नावाने विकली जाते.

आज त्याच कामासाठी कवच आणि शिसं एकजीव केलेल्या गोळ्या मिळतात आणि संपूर्ण तांब्याच्याही मिळतात. मोठ्या जनावरासाठी यांपैकी एक घ्या. तांब्याच्या गोळीची सवय आत्ताच लावून घ्यायला हरकत नाही. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना २०१९ पासून बंदी आहे, डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलीच्या शिसेयुक्त गोळ्याही बंद केल्या. तांबं शिशाहून हलकं असल्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि प्रत्येक नळीला ती मानवते असं नाही. दोन-तीन प्रकार आणून झाडून बघा, तुमच्या रायफलीला जे आवडतं तेच घ्या.

थंडीत गोळी खाली लागते म्हणतात, खरं का?

खरं आहे, पण भीती घालण्याइतकं नाही. दोन गोष्टी होतात. थंड पावडर थोडी मंद जळते. तापमान तीस अंशांनी उतरलं तर तापमानाला हळव्या पावडरीत वेग सेकंदाला पंधरा मीटरच्या आसपास घटू शकतो. दुसरं, उणे २० ची हवा अधिक २० च्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के दाट असते, ती गोळीला जास्त अडवते. दोन्ही मिळून २०० मीटरवर फरक दोन-एक सेंटिमीटरचा. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून साधारण वीस सेंटिमीटरचं लक्ष्य असतं, त्यात हे खपून जातं. ३०० मीटरवर पाच-सहा सेंटिमीटर होतात आणि पुढे वाढतच जातात. माझा उपाय साधा आहे: शिकारीच्या ठिकाणी पोचल्यावर, तिथल्याच थंडीत, रात्रभर बाहेर ठेवलेल्या रायफलीने आणि काडतुसांनी तीन गोळ्या कागदावर झाडायच्या. पहिली कुठे लागली ते सगळ्यात महत्त्वाचं. जनावर तुम्हाला नळी गरम करायला वेळ देत नाही.

स्कोप किती पट घ्यावा?

लोक घेतात त्याहून कमी. ३-९ पटीचा, ४० मिमी भिंगाचा स्कोप पुरून उरतो. झाडीत २-७ पटीचा आणखी सुटसुटीत. हिवाळ्यात उजेड थोडा वेळच असतो आणि जनावरं त्याच्या दोन टोकांना बाहेर पडतात. भिंगाच्या मापाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. ४० मिमी आणि ६ पट म्हणजे पावणेसात मिमी. अंधारात माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. पट १२ केली की झोत तीन मिमीवर येतो आणि संधिप्रकाशात सगळं करडं दिसतं.

स्कोप आतून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला, सीलबंद असावा, म्हणजे आत वाफ धरत नाही. बाहेरून वाफ धरते ती तुमच्या श्वासाने. गाल दस्त्याला टेकवून भोकाकडे, म्हणजे मागच्या काचेकडे तोंडाने श्वास सोडलात की दोन सेकंदांत पांढरा पडदा. श्वास नाकाने, खाली सोडायची सवय लावा. काच पुसायला मोज्याचं बोट वापरू नका, ओल पसरते आणि गोठते. झाकणं लावा, तीही मोज्याने उघडणारी. आणि डोळ्यापासून स्कोपपर्यंत निदान नऊ सेंटिमीटर मोकळे ठेवा. चढावर, कोटात अवघडून मारलेली गोळी भुवई फोडते. तशी चंद्रकोरीची खूण मिरवणारे ओळखीचे दोघे-तिघे आहेत.

स्कोपमधल्या नेमाच्या उजळणाऱ्या रेघांचा किंवा अंतर मोजणाऱ्या उपकरणाचा सेल असेल तर तो लिथियमचा घ्या. अल्कलाइन थंडीत माना टाकतात. उपकरण आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

रात्री रायफल तंबूत, शेकोटीजवळ ठेवावी का?

नको. गार रायफल उबेत आली की तिच्यावर आतबाहेर दव धरतं, नळीत, बोल्टमध्ये, चापाच्या पेटीत. सकाळी बाहेर नेली की त्या दवाचा बर्फ होतो आणि सेफ्टी हलत नाही. रिकामी करून, पिशवीत, कुलपात, पण थंड जागीच ठेवा. आत आणावीच लागली तर पिशवी बंदच ठेवा, काही तासांनी उघडा आणि मग पूर्ण पुसून कोरडी करा. पहाटेची घाई असेल तर हे जमत नाही, म्हणून आत आणूच नका.

बर्फात पडलो आणि नळीत बर्फ गेला तर?

थांबा, रायफल रिकामी करा, बोल्ट काढा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. नळीत अडथळा असताना गोळी झाडली तर नळी फुटू शकते. तोंडाने फुंकू नका, ओठ चिकटतील आणि वाफ गोठेल ती वेगळीच. सफाईची दोरी खिशात ठेवा, ती मोज्यातही ओढता येते. त्याहून सोपं म्हणजे नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा एक तुकडा. गोळीच्या पुढची हवाच ती फाडून टाकते, नेमावर काही परिणाम होत नाही. माझ्या दस्त्यावर अशा चार-पाच पट्ट्या आधीच गुंडाळलेल्या असतात.

हलकी रायफल बरी ना? चालायचं खूप असतं.

स्कोपसकट साडेतीन किलोच्या आसपास असलेली मला बरी वाटते. अडीच किलोची रायफल दिवसभर खांद्यावर जाणवत नाही, पण चढ चढून धापा टाकताना तिचं टोक वाऱ्यावरच्या काडीसारखं हलतं आणि धक्का जास्त बसतो. नळी ५१ ते ५६ सेंटिमीटर पुरते. मॅग्नमला ६१ द्या, नाहीतर जास्तीची पावडर नुसताच आवाज करते.

काढता मॅगझिन की आतलं?

काढता सोयीचा, पण खोल बर्फात पडला तर वसंतातच सापडतो. घेतलात तर एक जादा ठेवा. खालून बिजागरीने उघडणारं आतलं मॅगझिन माझ्या पसंतीचं.

जुनी, वापरलेली रायफल घ्यावी?

खुशाल. नळीचं तोंड ठेचलेलं नाही ना, आतल्या चरी टोकापर्यंत स्पष्ट आहेत ना, बोल्ट बंद असताना खुळखुळत नाही ना, एवढं बघा आणि जाणकार गनस्मिथकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा, तपासून घ्या. चाप हलका करण्यासाठी कुणी आत हात घातला असेल तर ती सोडा. जेमतेम कडेवर अडकलेला चाप थंडीत आणि धक्क्यात आपोआप सुटू शकतो.

परवाना आणि नियम?

जिथे शिकार करायची तिथले नियम रायफल घेण्याआधी वाचा, कारण किमान कॅलिबर, गोळीचा धातू, मॅगझिनमधल्या काडतुसांची संख्या, भगव्या रंगाचं जॅकेट यांबद्दल प्रत्येक ठिकाणचं म्हणणं वेगळं असतं. नॉर्वेत तर मोठ्या शिकारीला जाणाऱ्याला दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: १०० मीटरवर पाच गोळ्या, पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात.

सराव किती करावा?

नॉर्वेची ती परीक्षा स्वतःची स्वतः द्या, पण टेबलावर रायफल टेकवून नाही. उभ्याने, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने, कोट आणि मोजे घालून. त्याआधी शंभर पावलं पळून या, म्हणजे छाती धपापत असेल. वर्तुळ ३० ऐवजी २० सेंटिमीटरचं काढा. ज्या अंतरावर पाचही गोळ्या आत बसतात, तेच तुमचं शिकारीचं अंतर. माझं उभ्याने नव्वद मीटर आहे, गुडघ्यावर दीडशे. त्यापलीकडचं जनावर दिसलं तर मी जवळ जायचा प्रयत्न करतो, आणि बर्फ पायाखाली करकरत असेल तर बहुतेक वेळा ते निघून जातं.